‘डिमायलिनेशन’ हे निदान नव्हे

मेंदूच्या एमआरआयच्या अहवालात ‘डिमायलिनेशन’ हा शब्द दिसला की घरातले सगळे हबकतात. कुणीतरी ‘एमएस’ (मल्टिपल स्क्लेरोसिस) म्हणते आणि पुण्या-मुंबईला फोन सुरू होतात. आम्ही वैद्यकीय डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचे अभ्यासक आहोत. पण या आजारांचे मूळ बरेचसे रसायनात असल्याने चार शब्द लिहीत आहोत.

विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते खराब होणे म्हणजे डिमायलिनेशन. हे झाले वर्णन. कारण वेगळे शोधावे लागते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते. परंतु एमएसची हुबेहूब नक्कल करणारे इतरही आजार आहेत, आणि त्यांचे उपचार निराळे आहेत.

पहिला ‘एनएमओ’. हा डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर घाला घालतो. फ्रान्सच्या डेविक यांनी १८९४ मध्ये त्याचे वर्णन केले, तरी पुष्कळ वर्षे तो एमएसचाच प्रकार समजला जाई. २००४ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तातले प्रतिपिंड शोधले आणि दोन्ही आजार वेगळे झाले. हा फरक जिवाभावाचा आहे, कारण इंटरफेरॉनसारखी एमएसची काही औषधे एनएमओ बळावू शकतात.

दुसरा बेहचेत. तुर्कस्तानचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी तो १९३७ मध्ये वर्णिला. भूमध्य समुद्रापासून इराणमार्गे जपानपर्यंतच्या पट्ट्यात तो अधिक दिसतो. वारंवार तोंड येणे, गुप्तांगावर व्रण, डोळे लाल होऊन दुखणे ही त्याची लक्षणे. काहींत तो मेंदूपर्यंत पोचतो. आपण संकोचाने हे सांगत नाही, आणि धागा तिथेच तुटतो.

तिसरा बायोटिनिडेजचा अभाव. अन्नातले बायोटिन हे जीवनसत्त्व मोकळे करणारे हे विकर जन्मतःच कमी असते. तान्ह्या मुलांना झटके येतात, केस गळतात, ऐकू येणे कमी होते. मोठ्या मुलांत दृष्टी जाऊन पाय लुळे पडतात आणि एनएमओचा संशय येतो. उपचार म्हणजे रोज बायोटिनची गोळी, जन्मभर! मात्र उशीर झाल्यास गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. दोष आईवडील दोघांकडून येतो. म्हणून आपल्याकडची आते-मामे भावंडांतली लग्ने डॉक्टरांना जरूर सांगावीत.

दुर्मिळ नसलेला, पण शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावा असा चौथा: बी-१२ची कमतरता. पायांना मुंग्या, तोल जाणे ही लक्षणे हिमोग्लोबिन ठीक असतानाही येऊ शकतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होते.

मग करायचे काय? आपल्या घुब्रात रॉयल हॉस्पिटल १९८७ पासून आहे; तिथे दाखवा वा सुटीत मुंबईला, फक्त अहवाल नव्हे तर एमआरआयची मूळ चित्रेही बरोबर न्या. सर्व गोळ्यांची यादी द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. त्याने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. ‘एनएमओ आणि बी-१२ तपासले का?’ असे नम्रपणे विचारा. मात्र हा लेख वाचून चालू औषध कुणीही आपल्या मनाने बंद करू नये, ही कळकळीची विनंती.