समासात सापडणारे पूर्वज

करंजा हे उरण तालुक्याच्या टोकाचे बंदर. समोर धरमतरच्या खाडीपलीकडे रेवस, पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर आणि डोंगरावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष. कोळी, आगरी, ख्रिस्ती, मुसलमान, बेने इस्राएल असे नाना समाज या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदले. पण त्यांच्यातल्या कोणी आपल्या पणजोबाच्या वडिलांचे नाव शोधायला निघाला, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो कचेरीचा: जायचे कुठे? पनवेलला, अलिबागला, ठाण्याला, पुण्याला, की थेट पणजीला?

याचे कारण करंजाच्या इतिहासातच आहे. सोळाव्या शतकात हे बेट पोर्तुगीजांच्या वसई प्रांतात गेले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्यापाठोपाठ करंजाही घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. ज्याचे राज्य त्याची लिपी, त्याचे दप्तर. त्यामुळे एकाच घराण्याच्या सात-आठ पिढ्यांचे कागद पोर्तुगीज, लॅटिन, मोडी, इंग्रजी आणि बाळबोध असे विखुरलेले असतात.

त्यात जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. आज हा भाग रायगड जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. पण पनवेल तालुका, आणि त्याच्याबरोबर उरण-करंजाचा पेटा, कुलाब्यात आला तोच १८८३ मध्ये. त्याआधी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्याचा होता. म्हणून १८७० मधली एखादी जमीन, एखादा खटला किंवा एखादी नेमणूक अलिबागच्या कागदांत सापडली नाही, तर ती नव्हतीच असे मानायचे कारण नाही. ती ठाण्याच्या दप्तरात असू शकते. पूर्वजांचा माग काढणाऱ्याला वंशावळीच्या आधी महसुलाचा नकाशा पाठ असावा लागतो.

या शोधात सर्वांत शिस्तीचा कागद म्हणजे चर्चची नोंदवही. तिच्यामागे एक जगव्यापी हुकूम आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवले, की प्रत्येक धर्मगुरूने लग्नांची वही ठेवावी आणि तीत वधूवर, साक्षीदार, दिवस आणि ठिकाण लिहावे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापिता कोण होते तेही नोंदवावे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने या वह्यांचे नमुनेच घालून दिले. त्यामुळे लिस्बनजवळच्या खेड्यातली नोंद आणि कोकणातल्या चर्चमधली नोंद यांचा सांगाडा जवळजवळ सारखा असतो: बाप्तिस्म्याचा दिवस, जन्माचा दिवस, बाळाचे नाव, आई, बाप, राहण्याची जागा, धर्मबाप, धर्ममाय आणि शेवटी धर्मगुरूची सही. चार-पाच ओळींचा मजकूर, पण त्यात एका घराची पूर्ण चौकट मावते.

अडचण सुरू होते ती नावापासून. धर्मांतराच्या काळात अनेक कुटुंबांना धर्मगुरूचे किंवा धर्मबापाचे पोर्तुगीज आडनाव मिळाले. म्हणून एकाच गावातले दोन परेरा एकाच रक्ताचे असतील, असे धरून चालत नाही. उलट सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी निघू शकतात. वहीत धर्मगुरू ‘सेबास्तियाँव’ लिहितो, घरात तोच ‘बस्त्याव’ असतो. इंग्रजी अमदानीतल्या कारकुनाच्या हाती गेला की तोच ‘सेबास्टियन’ होतो. समाजाचे नावही बदलत गेले. मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी. त्याआधीच्या कागदांत हे नाव शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

चर्चही एकाच सत्तेखाली नव्हते. मुंबई आणि आसपासच्या भागात पोर्तुगालच्या राजाचा धार्मिक अधिकार मानणारी चर्चे आणि थेट रोमच्या नेमणुकीखालची चर्चे अशी दुहेरी व्यवस्था दीर्घकाळ चालली. ती संपली १९२८ च्या कराराने. काही गावांत तर दोन्ही बाजूंची चर्चे शेजारी शेजारी होती. थोरल्या भावाचा बाप्तिस्मा एका वहीत आणि धाकट्याचा दुसऱ्या वहीत असे झाले असेल, तर एकच वही चाळणारा माणूस घरात एकच मूल होते असे समजून उठतो.

मुरलेला शोधक म्हणून मुख्य मजकुराइतकाच समास वाचतो. १९०७ मध्ये रोमहून एक हुकूम निघाला आणि १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला: माणसाचे लग्न कुठेही लागो, त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायची आणि मूळ नोंदीसमोर लिहून ठेवायची. त्यामुळे विसाव्या शतकातल्या वहीत बाळाच्या नावाशेजारी, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हस्ताक्षरात, वीस-पंचवीस वर्षांनंतरची एक ओळ येते. लग्न कोणाशी, कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या तारखेला. गाव सोडून मुंबईला गेलेला मुलगा किंवा दुसऱ्या गावी दिलेली मुलगी या एका ओळीने पुन्हा हाती लागते.

लग्नाच्या वहीतही अशीच एक किल्ली असते. वधूवर एकमेकांचे नातलग असतील तर चर्चची सूट घ्यावी लागे आणि ती नोंदीत लिहिली जाई. ‘तिसऱ्या पायरीच्या नात्यातून सूट’ असे शब्द आले की अर्थ स्पष्ट होतो: दोघांचे पणजोबा-पणजी एकच. धर्मगुरूने लिहिली ती परवानगी. शोधकाला मात्र दोन वेगळ्या वाटणाऱ्या घराण्यांचा सांधा मिळतो. पणजोबाची स्वतःची नोंद वाळवीने खाल्ली असली तरी त्याचे अस्तित्व पणतवंडांच्या लग्नातून सिद्ध होते.

ज्यांचे पूर्वज कधी चर्चमध्ये गेले नाहीत, त्यांची वाट दुसऱ्या वह्यांतून जाते. गावपातळीवर सर्वांत मोलाची ती कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म-मृत्यू तीत लिहिले जात आणि जुन्या नोंदी बहुधा मोडीत असत. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाच्या आधीची. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढाच ऐवज. त्यात आजोबाचे नाव नातवाला ठेवायची रीत. जोमा हसुराम, मग हसुराम जोमा, मग पुन्हा जोमा हसुराम. आडनाव म्हात्रे, आणि म्हात्रे तर अर्धे गाव. अशा वेळी वयाचा हिशेब, मृत्यूची नोंद, जमिनीचा फेरफार आणि शाळेचा दाखला हे चारही कागद शेजारी ठेवल्याशिवाय कोणता जोमा कोणाचा, हे ठरत नाही.

मोडी वाचता आली तरी काम संपत नाही, कारण तारीख उलगडायची राहते. पेशवाईतल्या कागदावर साल अंकांत असेलच असे नाही, ते अरबी शब्दांत असते. ‘सबा अर्बैन मया व अलफ’ म्हणजे सात, चाळीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११४७. हा शुहूर सन. त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होते आणि त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो: १७४६ च्या जूनपासून १७४७ च्या जूनपर्यंत. कागद जानेवारीतला असेल आणि वाचणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर वर्षाची चूक होते आणि त्या एका वर्षाने बाप-मुलाच्या जन्ममृत्यूचा मेळ बिघडतो.

मराठी अमलातल्या कागदांचे मोठे भांडार पुण्याच्या पुरालेखागारात आहे. ही इमारत १८९१ ची. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल तिथे बांधून ठेवलेले आहेत. पोर्तुगीज कारभाराचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात. ते दप्तर १५९५ मध्ये सुरू झाले आणि दियोगो द कोतो हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरातून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उजेडात आणला. मात्र दोन्हीकडे सापडतात ती प्रामुख्याने वतने, इनामे, तह, महसूल. होडी वल्हवणारा आणि मिठागरावर राबणारा माणूस तिथे फार तर कर भरणाऱ्यांच्या ओळीत दिसतो. त्याच्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जास्त उपयोगी. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि अस्थी घेऊन आलेल्या आजोबाने तिथे कोणकोणत्या भावांची, मुलांची नावे लिहवून घेतली ते समोर येते.

करंजा-उरण परिसरात हा शोध हौसेपुरता कधीच नव्हता. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराशी नाते सिद्ध करावे लागते. सातबारावरचे नाव पणजोबाचे, तो वारलेला, वारस चार गावांत पांगलेले. तलाठ्याकडची वारस नोंद, फेरफार, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ यांचा मेळ बसला नाही, तर फाइल वर्षानुवर्षे अडते. जातीच्या दाखल्याचेही तेच. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे आणि जुनी महसुली पत्रके पुन्हा बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना सरकारी कचेऱ्यांतून बोलावणी येऊ लागली.

या साऱ्या वह्यांत सर्वांत अवघड शोध बाईचा. कोतवाल बुकात पुष्कळदा आईचे नाव नसते. लग्नानंतर आडनाव बदलते, अनेक घरांत पहिले नावही बदलते. सातबारावर ती येते ती बहुधा विधवा म्हणून, नाही तर हक्कसोडपत्रावर अंगठा उठवताना. छापील कुलवृत्तांतांत घराण्याची शाखा पुढे जाते ती मुलाकडून. मुलीची ओळ तिच्या सासरच्या नावाशी थांबते. चर्चची वही इथे वेगळी ठरते. तीत आई आणि धर्ममाय या दोन बायकांची नावे प्रत्येक जन्माला लिहिली जातात, आणि धर्ममाय पुष्कळदा मावशी, आत्या किंवा आजी असते. म्हणून अनुभवी माणूस पूर्वजाची स्वतःची नोंद सापडली नाही की त्याच्या भाच्या-पुतण्यांच्या बाप्तिस्म्यात धर्ममातापिता कोण होते ते पाहतो. आगरी-कोळी घरांतही हीच पद्धत चालते, फक्त वही वेगळी: मामाच्या गावच्या नोंदी, आजोळच्या शाळेतला दाखला, माहेरच्या जमिनीच्या फेरफारात लिहिलेली बहिणींची नावे.

कायद्याने हा शोध आता निकडीचा केला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. वारसांच्या यादीतून वगळलेली आत्या आज आपले नाते सिद्ध करायला कचेरीत येते, तेव्हा तिला तिच्या जन्माचा, माहेरच्या नावाचा आणि सासरच्या नावाचा असा तीन कागदांचा पूल बांधावा लागतो. त्यातला मधला कागद बहुतेक वेळा नसतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांत नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिणे बंधनकारक केले. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना आईचे नाव तरी मिळेल. तिचे माहेरचे आडनाव आणि गाव मात्र या रचनेतही येत नाही. ते आजही घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाच विचारून, तारखेसह लिहून घ्यावे लागते.