होडीमुळे मिळालेलं संग्रहालय

फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा न्यू ऑर्लिन्सपासून हजारो मैल दूर. तरी दुसऱ्या महायुद्धातल्या ६ जून १९४४ च्या चढाईचं संग्रहालय अमेरिकेत याच शहरात उभं राहिलं, ते एका लाकडी होडीच्या जोरावर.

अँड्र्यू हिगिन्स हा इथला कारखानदार. लुइझियानाच्या दलदलीत फिरणाऱ्या शिकाऱ्यांसाठी आणि तेल शोधणाऱ्यांसाठी तो उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या बांधायचा. युद्ध आलं तेव्हा त्याच होडीला पुढे खाली पडणारी फळी बसली. ३६ सैनिक वाळूवर उतरवायचे आणि मागे फिरायचं, एवढंच तिचं काम. निरनिराळ्या जातींच्या मिळून वीस हजारांवर होड्या हिगिन्सने बांधल्या. युद्ध जिंकून देणाऱ्यांत चढाईचे सेनापती जनरल आयझेनहॉवर या होडीवाल्याला फार वरचं स्थान देत. हे ते ज्या तरुण इतिहासकाराशी बोलले, त्याचं नाव स्टीफन अँब्रोज.

अँब्रोज न्यू ऑर्लिन्स विद्यापीठात शिकवत. १९८० च्या दशकात त्यांनी चढाईतल्या सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. सैनिक बोलू लागले, जपून ठेवलेल्या वस्तूही देऊ लागले. त्या ठेवायच्या कुठे? सहकारी निक म्यूलर यांच्याशी अंगणात बसून झालेल्या गप्पांतून संग्रहालयाची कल्पना निघाली. ते प्रत्यक्षात यायला मात्र दहा वर्षं गेली. संस्था ना-नफा तत्त्वावरची, त्यामुळे सरकारी निधी मिळाला तरी देणग्यांसाठी फिरणं सुटलं नाही. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या चित्रपटाचे स्पीलबर्ग आणि टॉम हँक्स पाठीशी उभे राहिले. सामान्य माणसांसाठी विटांची योजना होती: देणगी द्या, घरातल्या सैनिकाचं नाव कोरलेली वीट आवारात बसेल. अखेर ६ जून २००० रोजी दारं उघडली. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला दुसऱ्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय ठरवलं. २००५ च्या कॅटरिना वादळामुळे ते काही महिने बंद होतं.

पण या संस्थेची खरी श्रीमंती पाहायची तर ‘पीटी-३०५’ ही गस्ती नौका पाहावी. हिगिन्सच्याच कारखान्यातली ही नौका भूमध्य समुद्रात लढली आणि युद्धानंतर चक्क कालवं गोळा करू लागली. त्या धंद्यात तिची मागची बाजूही कापली गेली. २००७ मध्ये ती टेक्सासहून परत आणली गेली. पुढची दहा वर्षं दोनशेहून अधिक स्वयंसेवक तिच्यावर राबत होते, त्यात निवृत्त माणसांचा भरणा मोठा. २०१७ मध्ये ती पॉन्टचारट्रेन सरोवरात पुन्हा धावली. इतक्या तासांची मजुरी कोणत्याही देणगीदाराला परवडली नसती.

आता अडचण वेगळी आहे. आठवणी सांगणारेच उरत नाहीत. म्हणून युद्ध अनुभवलेल्या १८ जणांना, यात युद्धकाळात कारखान्यांत राबलेलेही आले, प्रत्येकी शेकडो प्रश्न विचारून उत्तरं चित्रित करून ठेवली. २०२४ पासून प्रेक्षक पडद्यासमोर उभं राहून आपला प्रश्न विचारतो आणि संगणक त्यातलं जुळणारं उत्तर शोधून दाखवतो. उत्तर मात्र संगणक रचत नाही, ते त्या माणसाचंच असतं.