थेंबाची मोडलेली गोलाई

कोकणात वीरला पावसाळ्यात गेलं की माझी बैठक पडवीच्या कडेला. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू माजलेलं असतं. १९९३ मध्ये रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे आली आणि आमच्यासारख्या मुंबईकरांचं येणं-जाणं सोपं झालं. हातात ड्रॉपर घेऊन मी पानाशी वाकलो की मामी आतून ओरडते, "अरे, वड्यांची पानं आहेत ती!"

अळवाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब त्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. म्हणून पाणी चिकटत नाही, उसळतं.

उसळण्याची तऱ्हा मोठी देखणी. पान पाटावर ताणून वितभर उंचीवरून थेंब सोडला, तर तो आधी भाकरीसारखा पसरतो, मध्ये पातळ, काठाला जाड. मग हा काठ सगळीकडून सारख्याच वेगानं केंद्राकडे धावतो, पाणी मध्यभागी एकवटतं आणि वर उडतं. ड्रॉपरचा थेंब साधारण पाच मिलिमीटरचा. त्याला टेकल्यापासून उडेपर्यंत सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढा वेळ लागतो. मोबाईलच्या सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या चित्रणात ही आठेक चित्रं होतात. आणखी जोरात आपटला तरी हा वेळ जवळजवळ तेवढाच, हे २००२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं. गोलाई आहे तोवर घाई नाही!

ही गोलाई मोडली तर? पानाखाली शिरा चुकवून मासे धरायच्या गळाची तंगूस ठेवली, वर बारीक कणा उमटला. नेमका त्यावर पडलेला थेंब लांबट झाला आणि कण्यावर दुभंगला. कण्यावरचा थर सर्वांत पातळ, म्हणून तो तिथून झपाट्यानं मागे सरतो. काठाला केंद्रापर्यंतची पूर्ण वाट चालावीच लागत नाही. २०१३ मध्ये जेम्स बर्ड, कृपा वाराणसी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत असेच कणे कोरले, तेव्हा स्पर्शाचा वेळ ३७ टक्क्यांनी घटला. फुलपाखराच्या पंखांवर आणि नॅस्टर्शियमच्या पानांवर असे कणे मुळातच असतात. विमानाच्या पंखावर थेंब गोठण्याआधी उडून जावा, ही या संशोधनामागची एक आशा.

(थेंब मुळात गोल का? पृष्ठताणामुळे.)

पाट काढून पान देठावर मोकळं सोडलं की वेगळीच गंमत. पान वाकतं, उलट झेपावतं आणि थेंबाला वेळेआधीच झुगारून देतं. लवचीक पृष्ठभागावर स्पर्शाचा वेळ निम्म्यापर्यंत उतरतो, असं २०१६ मध्ये इलिनॉयच्या संशोधकांना आढळलं.

ताणलेल्या लवचीक पडद्याचा विषय निघाला की मला तबला आठवतोच. साध्या गोल चामड्याचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. मध्यभागी शाईचा भार चढवला की पहिले काही सूर पूर्णांकांच्या प्रमाणात येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह हे १९२० मध्ये मांडलं. त्यांच्या नोबेलपेक्षा मला हेच काम अधिक लाडकं, लोक काहीही म्हणोत. तबल्याची शाई मधोमध असते. डग्ग्याची मात्र मुद्दाम एका बाजूला सरकवलेली, म्हणजे इथंही गोलाई मोडलेलीच. त्यामुळे दुसरीकडे चामडं मोकळं राहतं, आणि वादक मनगट त्यावर दाबत, सरकवत घुमारा हवा तसा वर-खाली करतो.