कन्येच्या स्मरणार्थ सायकलप्रवास

अपत्यवियोगाचें दुःख सर्व देशांत सारखेंच. त्या दुःखांतूनहि लोकहिताचें कार्य कसें निघूं शकतें, याचा एक दाखला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला. तो आपल्या शेतकरी कुटुंबांनींहि विचारांत घेण्याजोगा आहे.

सन 2017 च्या जानेवारींत विस्कॉन्सिन प्रांतांतील 20 वर्षांची एक मुलगी मेक्सिकोंतील कानकून येथें सहलीस गेली असतां पोहण्याच्या हौदांत बेशुद्ध आढळली. तिला फ्लोरिडांतील फोर्ट लॉडरडेल शहरीं इस्पितळांत आणिलें. परंतु ती पुन्हां शुद्धीवर आली नाहीं. या मुलीनें 16 व्या वर्षीं, गाडी चालविण्याचा परवाना घेतांनाच, मरणोत्तर अवयव देण्याची इच्छा नोंदवून ठेविली होती. घरच्यांनीं तिचा शब्द पाळिला. तिचें हृदय लुइझियानांतील 21 वर्षांच्या एका तरुणास मिळालें.

पुढें 22 मे रोजीं तिचे वडील मॅडिसन शहराहून सायकलीवर निघाले. पल्ला फोर्ट लॉडरडेलपर्यंतचा, सुमारें 2600 मैलांचा. वाटेंत भेटेल त्याला अवयवदानाचें महत्त्व सांगावें, हाच हेतु. सुमारें 1400 मैल तोडल्यावर, 18 जून रोजीं म्हणजे त्या देशाच्या पितृदिनीं, बॅटन रूज शहरांत तो तरुण त्यांस भेटला. दोघांनीं एकमेकांस मिठी मारिली. मग वडिलांनीं डॉक्टरी नळी कानांस लावून त्याच्या छातींतले आपल्या मुलीच्या हृदयाचे ठोके ऐकिले. त्यांना रडूं आवरेना. त्यानंतर उरलेली वाट चालावयास ते पुन्हां सायकलीवर बसले.

जगांतील पहिलें मानवी हृदयरोपण 3 डिसेंबर 1967 रोजीं केपटाउन येथें झालें. तेथेंहि मोटारीच्या अपघातांत सांपडलेल्या तरुण मुलीचें हृदय देण्यास तिच्या पित्यानेंच संमति दिली होती. आपल्या देशांत मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा अवयवरोपणाचा कायदा 1994 सालीं झाला, व त्याच वर्षीं दिल्लीस पहिलें यशस्वी हृदयरोपण झालें. परंतु काढलेलें हृदय चार ते सहा तासांतच दुसऱ्या शरीरांत बसवावें लागतें, आणि प्रत्यक्षांत जवळच्या नातलगांची संमति विचारिली जाते. दुःखानें बधिर झालेल्या आईबापांस अशा घटकेस निर्णय कसा सुचावा?

प्रस्तुत लेखकाची उमर महसुली दप्तरांत गेली. बापानें हयातींत मनांतलें सांगून ठेविलें नाहीं, म्हणून सख्ख्या भावांत वैर आलेलें अनेकदां पाहिलें. जमिनीची नोंद आपण इतकी जपतों. देहाविषयींची इच्छाहि घरांत एकदां बोलून व नोंदवून ठेवावी. त्या मुलीनें तेवढें केलें होतें, म्हणूनच तिच्या वडिलांवर निर्णयाचा भार पडला नाहीं. वाचकांनीं हा विषय आपल्या घरीं काढावा, एवढीच विनंति करून लेख पुरा करितों.