पिस्तुलाचा भरवसा नावात नसतो

अमेरिकेतल्या कुठल्याही बंदुकीच्या दुकानात ‘सगळ्यात भरवशाचे पिस्तूल कोणते?’ असे विचारा. काउंटरपलीकडचा माणूस क्षणात एका कंपनीचे नाव सांगेल. शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक लगेच दुसरे सुचवेल. ग्लॉक, सिग, बेरेटा, स्मिथ अँड वेसन, रुगर अशी ही यादी. दोघेही खोटे बोलत नसतात, पण प्रश्नच चुकलेला असतो. भरवसा असतो तो एका ठरावीक मॉडेलचा, ते कोणत्या काळात कारखान्यातून बाहेर पडले त्याचा, त्यातल्या मॅगझिनचा आणि भरलेल्या काडतुसाचा. कंपनीचे नाव यातले फार थोडे सांगते.

आधी एक जुना घोळ निस्तरू. आपल्या सिनेमात आणि बातम्यांत ज्याला सर्रास ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, ते पिस्तूल बहुतेक वेळा सेमी-ऑटोमॅटिक असते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते. पुढची गोळी सोडायला चाप पुन्हा ओढावा लागतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. त्यात पुंगळी अडकू शकते, नवे काडतूस तिरके बसू शकते, स्लाइड पूर्ण पुढे येत नाही असेही होते. रिव्हॉल्व्हरमध्ये हा खटाटोप नसतो, म्हणून भरवशाची एवढी चर्चा पिस्तुलाच्याच वाट्याला येते.

‘सैन्याने घेतले, म्हणजे प्रश्नच मिटला’

हा सगळ्यात घट्ट रुतलेला समज आहे आणि जाहिराती त्यावरच चालतात. सैन्याची चाचणी कडक असते, हे खरे. पण सैन्याची खरेदी ही निविदाही असते. 1980च्या दशकात अमेरिकी लष्कराने नवे 9 मिमी पिस्तूल शोधले, तेव्हा शेवटी बेरेटा 92 आणि सिग पी226 ही दोन्ही पिस्तुले तांत्रिक परीक्षेत उतरली. 1985 मध्ये बेरेटा एम9 या नावाने सैन्यात गेले, कारण सुटे भाग आणि मॅगझिन धरून त्याची एकूण बोली स्वस्त होती. दोनतीन वर्षांतच काही एम9 पिस्तुलांच्या स्लाइड तुटून मागचा तुकडा जवानांच्या तोंडावर बसल्याच्या घटना घडल्या. दोष धातूचा की जादा दाबाच्या काडतुसांचा, यावर सरकार आणि कंपनीचे एकमत झाले नाही. पण स्लाइड तुटली तरी मागे उडू नये म्हणून बेरेटाने आतली घोड्याची पिन मोठ्या डोक्याची केली. तेच सुधारित रूप पुढे 92एफएस म्हणून जगभर विकले गेले. म्हणजे लोक ज्या बेरेटाच्या भरवशाचे गोडवे गातात ते निविदा जिंकलेले पिस्तूल नव्हे, अपघातांनंतर दुरुस्त झालेले आहे.

तीन दशकांनी पुन्हा तोच खेळ झाला. जानेवारी 2017 मध्ये सिगच्या पी320 ची निवड झाली आणि ते एम17 व एम18 या नावांनी सैन्यात आले. ग्लॉकने हरकत घेतली. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ती फेटाळली, आणि त्या निर्णयातून बाहेर आले की सिगची बोली ग्लॉकपेक्षा दहा कोटी डॉलरहून अधिक कमी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुकानांत विकल्या गेलेल्या पी320 बद्दल उघड झाले की ते विशिष्ट कोनात खाली पडले, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. लष्कराच्या चाचणीत हाच दोष आधी सापडला होता आणि चापाचे वजन कमी करून तो काढलाही होता. बाजारातल्या ग्राहकाकडे मात्र जुना चाप होता. कंपनीने मग मोफत बदल करून द्यायला सुरुवात केली. नाव एक, मॉडेल एक, तरी सैनिकाच्या कमरेचे पिस्तूल आणि दुकानातले पिस्तूल वेगळे! त्यानंतरही पी320 आपोआप सुटल्याच्या तक्रारी आणि दावे न्यायालयांत चालूच राहिले. कंपनी दोष नाकारते, आणि ज्युरींनी निकाल दोन्ही बाजूंनी दिले आहेत.

सैन्याच्या चाचणीतली आणखी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. या पिस्तुलासाठी लष्कराची अट होती, की दोन अडथळ्यांमध्ये सरासरी 2,000 गोळ्या सुटाव्यात. चाचणीत साध्या, पूर्ण धातूचे आवरण असलेल्या गोळ्यांवर पिस्तूल जास्त वेळा अडले आणि खास प्रकारच्या गोळ्यांवर कमी. शिवाय अडथळ्यांचा मोठा वाटा ‘शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबली नाही’ या प्रकारचा होता. त्याचे कारण म्हणजे नेमबाजांचा अंगठा नेमका स्लाइडच्या खटक्यावर टेकत होता. काडतूस बदलले, पकड बदलली, की तेच पिस्तूल भरवशाचे किंवा बेभरवशाचे ठरते. मग कंपनीच्या नावाने काय सांगावे?

‘चांगल्या कंपनीला माल परत मागवावा लागत नाही’

मागवावा लागतो, आणि बहुतेक सगळ्यांना लागला आहे. रुगरने 2008 मध्ये एसआर9 आणि एलसीपी ही दोन मॉडेल परत मागवली. ग्लॉकने 2011 मध्ये चौथ्या पिढीच्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंग बदलून दिल्या. स्प्रिंगफील्डने 2013 मध्ये एक्सडी-एस मागे घेतले. स्मिथ अँड वेसनने 2020 मध्ये शील्ड ईझेडच्या काही महिन्यांतल्या उत्पादनाचे घोडे तपासायला मागवले. ही यादी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. उलट ज्या कंपनीने अजून काहीच परत मागवलेले नाही, तिच्याविषयी मी अधिक चौकशी करेन.

कारण अमेरिकेत पिस्तूल परत मागवायला लावणारे सरकारी खातेच नाही. मिक्सर, पाळणा, खेळणे सदोष निघाले तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग कंपनीला वठणीवर आणू शकतो. पण बंदुका आणि दारूगोळा या आयोगाच्या कक्षेतून 1972 च्या मूळ कायद्यानेच बाहेर ठेवले आहेत. त्यामुळे दोष कबूल करणे आणि माल परत घेणे हे कंपनीच्या मर्जीवर राहते, नाहीतर न्यायालयाच्या धाकावर. ब्राझीलच्या टॉरस कंपनीचे उदाहरण घ्या. तिच्या नऊ मॉडेलची सुमारे दहा लाख पिस्तुले पडल्यावर सुटू शकतात, असा सामूहिक दावा अमेरिकेत गुदरला गेला. 2015 मध्ये समझोता झाला तो चूक अमान्य करूनच. त्यातली काही पिस्तुले 1990च्या दशकातली होती. एवढी वर्षे ती कोणाच्या तरी कपाटात, कमरेला, उशाशी होती.

काही राज्यांनी आपापली चाळणी लावली आहे. कॅलिफोर्नियात विक्रीच्या यादीत यायचे, तर नमुन्याच्या पिस्तुलांमधून प्रत्येकी 600 गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात आणि पाडून पाहण्याची चाचणीही असते. ही किमान पात्रता झाली, गुणवत्ता यादी नव्हे.

‘जुनी चाल ती सोन्याची’

कोल्ट 1911 च्या चाहत्यांसमोर हा विषय जपून काढावा. जॉन ब्राउनिंगच्या या पिस्तुलाने मार्च 1911 मधल्या चाचणीत 6,000 गोळ्या एकदाही न अडता झाडल्या. मधूनमधून त्याला थंड होऊ देत, ठरावीक गोळ्यांनंतर साफसफाई आणि तेलपाणी करत, पण एकही बिघाड नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज त्याच परीक्षेत अनेकदा अडले. ही कामगिरी खरीच आहे. फक्त ती 1911 सालच्या कोल्टची आहे. पेटंटची मुदत कधीच संपली, आणि आज 1911 हे नाव कोल्हापुरी चपलेसारखे झाले आहे: आराखडा एकच, कारागीर शेकडो. अमेरिका, फिलिपाईन्स, तुर्कस्तान, ब्राझील अशा अनेक देशांत ते बनते. कोणी सुटे भाग सैल बसवतो, कोणी केसभरही फट ठेवत नाही. शतकापूर्वीच्या त्या सहा हजार गोळ्यांचे पुण्य या सगळ्यांना सारखे वाटता येणार नाही.

इथेच किमतीचा भ्रमही सुटतो. महाग पिस्तूल बहुधा अधिक अचूक असते, कारण त्याचे भाग घट्ट जुळवलेले असतात. पण घट्ट जुळणीला धूळ, काजळी आणि कोरडेपणा सोसत नाही. म्हणून काही महागड्या पिस्तुलांचे कारखानदारच सांगतात, की पहिल्या काहीशे गोळ्या यंत्र रुळण्यासाठी धरा. खेळाच्या पिस्तुलांत हा फरक स्पष्ट दिसतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या 25 मीटर प्रकारात सुवर्ण मिळवले, तिथे .22 ची अत्यंत नाजूक, अत्यंत अचूक पिस्तुले असतात. एका जातीचे काडतूस त्यांना मानवते, दुसऱ्याशी पटत नाही. या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच बिघाड झाल्यास काय करायचे याची तरतूद आहे. अचूकपणा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची किंमत वेगळी मोजावी लागते.

‘प्लास्टिकचे पिस्तूल’

हा गैरसमज आता विरत चालला आहे, म्हणून थोडक्यात. गास्टन ग्लॉक हे ऑस्ट्रियातले कारखानदार पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू बनवत. त्यांच्या पिस्तुलाला तिथल्या लष्कराने 1982 मध्ये पसंती दिली. त्याची मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा, पण नळी आणि स्लाइड पोलादी, आणि वजनाचा बहुतेक भाग धातूचाच. 1990 च्या ‘डाय हार्ड 2’ या सिनेमात विमानतळाच्या यंत्रालाही न दिसणाऱ्या चिनी मातीच्या जर्मन ग्लॉकचा उल्लेख आहे. तसे पिस्तूल अस्तित्वात नव्हते आणि ग्लॉक जर्मनही नाही. पॉलिमरचा सांगाडा वापरण्यात ग्लॉक पहिलाही नव्हता. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखचे व्हीपी70 त्याआधी दशकभर बाजारात होते.

‘अडकले, म्हणजे पिस्तूल खराब’

आधी मॅगझिन तपासा, हा जुन्या नेमबाजांचा पहिला सल्ला असतो आणि तो बरोबर आहे. इराक युद्धाच्या सुरुवातीला एम9 वाळूत अडकते म्हणून बेरेटाला शिव्या बसल्या. गुन्हेगार निघाले ते दुसऱ्याच पुरवठादाराचे मॅगझिन. त्यावरच्या खरबरीत लेपात बारीक वाळू धरून राहत असे आणि काडतुसे वर सरकत नसत. गुळगुळीत लेपाचे मॅगझिन आल्यावर तक्रार कमी झाली. याशिवाय मनगट ढिले ठेवून झाडलेली गोळी, सुकलेले तेल, थकलेली स्प्रिंग, पोकळ टोकाची गोळी नळीच्या तोंडाशी अडखळणे, ही नेहमीची कारणे. यातल्या एकाचाही खुलासा नळीवर कोरलेल्या नावातून होत नाही.

भारतात राहणाऱ्या वाचकाला ही चर्चा बरीचशी परक्या गावच्या बाजारासारखी वाटेल, आणि ते साहजिक आहे. 9 मिमी हे आपल्याकडे सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर आहे. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोकडे ग्लॉक असले, तरी ते तुमच्या-माझ्या परवान्यावर येत नाही. खासगी आयातीचा दरवाजा 1980च्या दशकापासून जवळपास बंद आहे. परवानाधारकाच्या वाट्याला येते ते मुख्यतः .32 चे देशी पिस्तूल, सरकारी आयुध कारखान्यांचे ‘अशनी’ वगैरे, किंवा आजोबांच्या काळातले वारशाने आलेले विलायती. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. वारशाच्या पिस्तुलाबाबत कंपनीचे नाव कितीही मोठे असले, तरी पन्नास-साठ वर्षांच्या स्प्रिंगा आणि मॅगझिन परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय त्यात काडतूस भरू नये.

अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी कंपनीच्या आधी कायदा येतो. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला तिथला संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर कोणी स्वतःच्या समजुतीने निर्णय घेऊ नये, वकिलाला विचारावे. मित्राच्या नावावर घेऊन आपल्या घरी ठेवणे तर सरळ गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असलेल्याला खरेदी करता येते, पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

ज्यांना कायद्याने मुभा आहे, त्यांच्यासाठी माझे मत एवढेच. वरच्या पाचसहा मोठ्या कंपन्यांमधली निवड ही आवडीची आणि हाताच्या मापाची बाब आहे. त्यातल्या कोणत्याही कंपनीचे नुकतेच बाजारात आलेले मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नका. घ्याल ते मॉडेल परत मागवले गेले होते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून पाहा. जुने पिस्तूल घेताना तर हे पैसे देण्याआधी करा.