डॉक लावला, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’? आधी हे तपासा

लॅपटॉप चार्ज होतोय, माऊसही चालतोय, फक्त मॉनिटर काळा. अशा वेळी डॉक खराब आहे असं समजून तो परत करायची घाई करू नका.

टाईप-सी हा फक्त पोर्टचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर यायला लॅपटॉपच्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्ट लागतं. तुमच्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे शब्द शोधा.

पोर्ट ठीक असेल तर केबल बघा. फोनसोबत येणारी केबल बऱ्याचदा यूएसबी २.० ची असते. ती चार्जिंग करते, व्हिडिओ नेत नाही.

चित्र येतंय, पण ४के मॉनिटरवर माऊस अडखळतोय? डॉकमध्ये एचडीएमआय १.४ असेल तर ४के ला ३० हर्ट्झच मिळतात. ६० साठी एचडीएमआय २.० हवं.

पोर्टमध्ये व्हिडिओच नसेल, तर साधा डॉक कितीही महागाचा घ्या, उपयोग नाही. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर मॉनिटर थेट तिथेच जोडा. नाहीतर डिस्प्लेलिंकवाला डॉक घ्या. तो ड्रायव्हरच्या मदतीने चित्र यूएसबी डेटा म्हणून पाठवतो. ऑफिसच्या कामाला चालेल, गेमिंगला नको.

थोडक्यात, आधी पोर्ट, मग केबल आणि शेवटी डॉक. पैसे त्यानंतरच खर्च करा!