अठराव्या शतकातील इंग्लिश मुद्राचित्रे : फॅशन, उपहास आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथांत तत्कालीन व्यंगचित्रे हमखास आढळतात. मनोऱ्यासारखी केशरचना केलेल्या स्त्रिया आणि डोक्यावर प्रचंड टोप चढविलेले तरुण पाहून त्या काळी लोक खरोखरच असे वावरत असत, असा समज वाचकांचा, आणि पुष्कळदा अभ्यासकांचाही, होतो. ही चित्रे म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेखाटन कोरून अथवा आम्लाने खोदून कागदावर घेतलेले ठसे, अर्थात मुद्राचित्रे होत. वेशभूषेच्या इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुद्राचित्रांचा व्यवसाय

विल्यम हॉगार्थ या चित्रकाराच्या पुढाकाराने १७३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कोरीव चित्रांना १४ वर्षांचे स्वामित्व देणारा कायदा संमत केला. या संरक्षणासाठी पत्र्यावर मालकाचे नाव व प्रकाशनाची तारीख कोरणे आवश्यक ठरले. परिणामी पुढील काळातील असंख्य मुद्राचित्रांवर नेमका दिनांक आढळतो. वेशभूषेच्या अभ्यासकाला हा मोठाच लाभ आहे.

साध्या ठशाला साधारणतः सहा पेन्स ते एक शिलिंग पडत. हाताने रंगविलेला ठसा त्याहून महाग असे. श्रमिकांना ही किंमत परवडण्याजोगी नव्हती; मात्र दुकानाच्या खिडकीत मांडलेली चित्रे कोणालाही पाहता येत. ग्राहक मुख्यतः सुखवस्तू वर्गातील होते. म्हणजे ज्यांच्या पोशाखाची थट्टा होई, तेच बहुधा ती विकत घेत. मेरी डार्ली यांनी १७६२ मध्ये व्यंगचित्रे काढावयास शिकविणारे पुस्तकही प्रसिद्ध केले होते. त्यामुळे या उपहासाकडे बाहेरून केलेला हल्ला म्हणून पाहण्यापेक्षा उच्चभ्रू समाजाची अंतर्गत करमणूक म्हणून पाहणे अधिक युक्त ठरेल.

मॅकरोनी : पोशाखाकडून वृत्तीकडे

युरोपचा, विशेषतः इटलीचा, प्रवास करून परतलेल्या नटव्या तरुणांना 'मॅकरोनी' हे नाव पडले. होरेस वॉलपोल यांच्या १७६४ मधील पत्रव्यवहारात या मंडळींचा उल्लेख येतो. लंडनच्या स्ट्रँड भागातील मॅथ्यू व मेरी डार्ली या दांपत्याने १७७१ ते १७७३ या काळात मॅकरोनींची चित्रमालिकाच काढली. या मालिकेत हे नाव केवळ नटव्यांपुरते राहिले नाही. कॅप्टन कुक यांच्यासमवेत सागरप्रवास करून आलेले निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स १७७२ च्या एका चित्रात फुलपाखरू पकडणारे मॅकरोनी झाले. येथे उपहासाचा रोख अंगरख्यावर नाही. प्रतिष्ठेसाठी जोपासलेल्या छंदावर आहे. 'मॅकरोनी' हा शब्द पोशाखावरून वृत्तीवर सरकला, तो असा.

केशरचना आणि राजकारण

१७७० च्या दशकात स्त्रियांची केशरचना खरोखरच उंच झाली होती. आत उशी घालून, वर केस चढवून, त्यांवर पोमेड व पावडर लावीत. मुद्राचित्रकारांनी ही उंची अतोनात वाढविली. डार्ली यांच्या दुकानातून १७७६ मध्ये निघालेल्या एका चित्रात स्त्रीच्या केसांवर तटबंदी, तोफा व जहाजे यांसह बंकर हिलची लढाई मांडली आहे. ही लढाई अमेरिकेत १७७५ च्या जूनमध्ये झाली होती. लढाईची चर्चा आणि केशरचनेची चर्चा एकाच दिवाणखान्यात चाले, हे चित्रकाराने अचूक हेरले होते.

जेम्स गिलरे यांनी हा दुवा अधिक धारदार केला. त्यांच्या १७९३ च्या एका चित्रात ब्रिटानियाच्या, म्हणजे स्त्रीरूपातील ब्रिटनच्या, चोळीच्या नाड्या टॉमस पेन पाय रोवून आवळीत आहेत. पेन यांचा मूळ व्यवसाय अशा आवळबंद चोळ्या शिवण्याचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीचे विचार म्हणजे देशाच्या धडधाकट देहावर लादलेली परदेशी फॅशन, हा त्यातील आरोप पाहणाऱ्याला तत्काळ कळे. १७९४ मधील दुसऱ्या एका चित्रात सेंट जेम्स भागातील सडपातळ उमराव स्त्री आणि तिचे अनुकरण करणारी चीपसाइड या व्यापारी पेठेतील स्थूल स्त्री शेजारी उभ्या आहेत. हसू दोघींचेही केले आहे; परंतु चित्राच्या मुळाशी पैशाच्या बळावर दर्जाच्या सीमा पुसल्या जाण्याची धास्ती आहे. १७९५ मध्ये पंतप्रधान पिट यांनी केसांच्या पावडरीवर वार्षिक एक गिनी कर बसविला, तेव्हा गिनी वाचविण्यासाठी पावडर सोडणारे कुटुंबही गिलरे यांनी रंगविले.

पुरावा म्हणून मर्यादा

वरील उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. एखादी फॅशन केव्हा चर्चेत आली, हे दिनांकित मुद्राचित्र विश्वासार्हपणे सांगते. ती कोणत्या वर्गाशी, लिंगाशी वा देशाशी जोडली जात होती, हेही त्यातून कळते. मात्र केसांची उंची किती, कंबर किती आवळलेली, किती जण खरोखर तसा पोशाख करीत, यांविषयी त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. अतिशयोक्ती हा त्या कलेचा धर्मच आहे. यासाठी संग्रहालयांत जतन केलेली वस्त्रे, व्यक्तिचित्रे, पत्रे व शिंप्यांची बिले यांच्याशी मुद्राचित्र ताडून पाहणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

अठराव्या शतकातील इंग्लिश मुद्राचित्रे तत्कालीन पोशाखापेक्षा त्या पोशाखाने समाजात निर्माण केलेली अस्वस्थता अधिक प्रामाणिकपणे नोंदवितात. पुरुषत्व, दर्जा आणि राष्ट्र यांच्या सीमा ढासळत असल्याची भीती त्यांनी केसांच्या व कापडाच्या भाषेत व्यक्त केली. ब्रिटिश म्युझियम व येल विद्यापीठाचे लुईस वॉलपोल ग्रंथालय यांच्या संग्रहांतील असंख्य मुद्राचित्रे आज महाजालावर उपलब्ध आहेत. वर्गात ती दाखविताना 'लोक असे दिसत होते का?' या प्रश्नाच्या जोडीने 'हे चित्र कोणी, कोणासाठी आणि कोणत्या दिवशी विकावयास काढले?' हेही विद्यार्थ्यांना विचारले, तर या साधनाचे मोल त्यांच्या ध्यानात येईल.